आठ चित्रांतली ताई

माणूस किती चित्रांत चालतो? तुम्हाआम्हाला असला प्रश्न कधी पडत नाही, आणि पडत नाही म्हणून आपलं काही अडतही नाही. पण कपडे दुरुस्तीच्या दुकानातल्या मास्तरांना तो वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पडला आणि त्याचं उत्तरही मिळालं. आठ.

झालं असं, की एक पंचविशीची मुलगी पँट आखूड करून घ्यायला दुकानात आली. मास्तर सवयीनं म्हणाले, "बसा दहा मिनिटं." आता गिऱ्हाईक बसत नसतं, ते घड्याळाकडे बघतं आणि उसासे टाकतं. ही मात्र खरंच बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडून कामाला लागली. पडद्यावर अंगठ्याएवढा एक माणूस जागच्या जागी चालत होता. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असताना बोलायचं नाही हा धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोडला.

"ह्याची पँट चुकलीय," ते म्हणाले. "गुडघा वाकला की पायाची मोहरी वर चढायला पाहिजे. ह्याची घोट्याला चिकटवल्यासारखी बसलीय."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अय्या, खरंच की!" वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती दर रविवारी सकाळी नवशिक्यांना व्हिडिओ गेम बनवायला शिकवायची. सहा रविवारांचा वर्ग, वयाची अट नाही, शेवटच्या रविवारी सगळ्यांचे खेळ लोकांसमोर मांडायचे. "तुमच्यासारखा डोळा पाहिजेच आम्हाला. याच तुम्ही," ती म्हणाली. आणि मास्तर गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांची लांबी कमी-जास्त करणाऱ्या माणसाला कुणी आपणहून "याच" म्हणण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

वर्गात ती मुलगी झाली बाई. बाई त्यांना मास्तर म्हणायच्या आणि मास्तर त्यांना बाई म्हणायचे, त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय हे नव्या माणसाला कळायला जरा वेळ लागे. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांच्या खेळात कुत्रा पोस्टमनच्या मागे लागलेला असायचा. दर रविवारी कुत्रा जिंकायचा आणि पोस्टमन म्हणायचे, "अनुभवाचे बोल आहेत."

पहिल्याच दिवशी बाईंनी काम दिलं. खेळातलं एक पात्र काढायचं आणि ते चालवायचं. "ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त वेळा चालताना पाहिलंय, असं कुणीतरी घ्या. डोळ्यांना पाठ असलेलं माणूस हाताला सोपं जातं."

मास्तरांना विचार करावाच लागला नाही. ताई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. आई गेली तेव्हा मास्तर वर्षाचे होते आणि ताई पंधरा वर्षांची. तिनं त्यांना वाढवलं, सुई धरायला शिकवलं आणि दुकान काढून दिलं. दोघांचीही लग्नं राहून गेली ती गेलीच. दुकानात मास्तर कापायचे आणि मशीन चालवायचे. हातशिलाई, काजं आणि इस्त्री ताईकडे. कापायच्या टेबलापासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत अकरा पावलं, आणि ती अकरा पावलं ताई चाळीस वर्षं येत-जात होती. गावातल्या कुठल्याही रस्त्याची तेवढी झीज झाली नसेल.

ताई मोठी गुणाची. पण तिच्या जिभेवर एक शब्द नव्हता, तो म्हणजे "छान". मास्तरांनी कितीही जीव ओतून काम केलं तरी ताई कपडा उजेडात धरायची, एखादा लोंबता दोरा शोधून काढायची, तो तोडायची आणि म्हणायची, "बरंय." एकदा लग्नाचा एक कोट मास्तरांनी असा शिवला होता, की नवऱ्यामुलाचा बाप दुकानात येऊन त्यांचे हात हातात घेऊन गेला. ताई म्हणाली, "डावा खिसा केसभर वर आहे." मास्तरांनी मोजला. होता.

तर मास्तरांच्या मनात आलं, की आपण ताईलाच चालवावं. शेवटच्या रविवारी तिला वाचनालयात आणून संगणकासमोर बसवावं. ह्या कामातलं तिला काही कळत नाही, तेव्हा दोरा काढायला जागाच नाही. निदान ह्या एका गोष्टीला तरी तिच्या तोंडून "छान" निघेल. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं असला हट्ट धरावा का? धरू नये. पण हट्टाला वय कुठलं, आणि बहिणीपुढे तर माणूस मोठा होतच नाही.

ताईला त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नाही. "संगणक शिकायला जातो," एवढंच.

"साठी यायच्या आधीच बुद्धी नाठी," ताई म्हणाली. "जा, पण दुपारच्या आत ये. तीन झिपा बसवायच्यात."

काम सांगायला सोपं होतं. पडद्यावर बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांची एक चौकट. त्यात एकेक ठिपका भरून माणूस उभा करायचा. अशा आठ चौकटी, प्रत्येकीत चालण्याचा पुढचा क्षण. त्या एका लांब पट्टीवर ओळीनं मांडायच्या. खेळ ती पट्टी कापतो, एकामागून एक चित्र झरझर दाखवतो आणि आपल्याला वाटतं माणूस चालतोय. मास्तर दोन रविवार आणि मधल्या सगळ्या सकाळी त्यात बुडाले. वाचनालय उघडायच्या आधी ते दारात उभे असायचे. कामाचा लांब डगला घातलेली, अंबाडा बांधलेली, मनगटाला टाचण्यांची उशी लावलेली एवढीशी ताई त्यांनी आठ वेळा काढली. केस आधी पांढरे केले होते, पण मागच्या फिकट भिंतीत ते दिसेनात आणि ताई टकली वाटायला लागली. मग काळे केले. ताई तीस वर्षांनी तरुण झाली, त्याला इलाज नव्हता.

तिसऱ्या रविवारी मास्तर छाती काढून वर्गात आले. "बाई, आठ चित्रं पाच चौकटींत बसवली. तीन चौकटी वाचवल्या!"

बाईंना काही कळेना. त्यांनी पट्टी खेळात घातली आणि बटण दाबलं.

पडद्यावर आधी ताईची दोन डोकी आली. मग उलटे बूट. मग एक कोपर आणि त्यावर अंबाडा. मग कमरेतून दोन ताया निघाल्या, एक वर तोंड करून आणि एक खाली. मग काही क्षण ताई साफ गायब झाली आणि पुन्हा दोन डोक्यांनी हजर. पोस्टमन इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

झालं होतं असं, की मास्तरांनी चित्रं कापडावर मांडावीत तशी मांडली होती. पाठीच्या तुकड्याशेजारी जी कड उरते तिथे बाही, बाहीच्या बगलेत कॉलर, आणि एखादा तुकडा उलटा फिरवून बसत असेल तर उलटा. चाळीस वर्षं त्यांनी असंच वीतवीत कापड वाचवलं होतं. इथेही त्यांनी प्रत्येक ताईभोवतीची रिकामी जागा कापून टाकली, एकीचं कोपर दुसरीच्या कमरेच्या खळग्यात सरकवलं आणि दोन ताया चक्क डोक्यावर उभ्या केल्या. शिंपी सोडून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात हे आलं नसतं.

"मास्तर," बाई हसू दाबत म्हणाल्या, "संगणकाला काय कळतंय बाही कुठली आणि कॉलर कुठली? तो डोळे मिटून सारखे चौकोन कापत जातो. प्रत्येक चित्राला आपली चौकट पूर्ण लागते. पाय सगळीकडे एकाच रेषेवर पाहिजेत आणि आजूबाजूची जागा रिकामी सोडायची."

"वाया?"

"वाया नाही हो. ती फुकट असते. कितीही घ्या."

"फुकट!" मास्तरांनी हा शब्द असा उच्चारला जसा काही कुणी त्यांना शिवी दिली. मोकळी जागा फुकट असते हे पटवून घ्यायला त्यांना अख्खा आठवडा लागला. प्रत्येक चौकटीत ताईच्या डोक्यावर आणि पाठीमागे रिकामे ठिपके सोडताना त्यांचा जीव वरखाली होई. पण सोडले. पाय एका रेषेवर आले आणि चौथ्या रविवारी ताई सरळ, एका तुकड्यात, चालायला लागली.

त्यात बाईंनी एक युक्तीही शिकवली होती. उजवा पाय पुढे टाकतानाची चारच चित्रं काढायची. डाव्या पायाच्या वेळी तीच चार पुन्हा घ्यायची, फक्त गडद पाय फिका करायचा आणि फिका गडद. मास्तरांना हे फारच आवडलं. कापड दुमडून एकदाच कात्री चालवायची, दोन्ही बाजू सारख्या! ते अर्ध्या वेळात मोकळे झाले.

"छान झालंय मास्तर!" बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे तो शब्द भरपूर होता आणि त्या तो सगळ्यांना सढळ हातानं वाटायच्या.

पण मास्तर पडद्याकडे बघत बसले. चालतंय खरं, पण ही ताई कुठे आहे? डगला ताईचा, अंबाडा ताईचा, उशी ताईची आणि चाल मात्र भलत्याच कुणाची. दुकानाच्या काचेमागचा पुतळा रस्त्यावर उतरावा, तशी ती टाप टाप करत चालली होती. असल्या बाईनं कुणाला वाढवलं नसतं.

"मला नाही आवडलं," ते म्हणाले.

"अहो, नवशिक्यासाठी खूप झालं. दोनच रविवार उरलेत."

"नवशिक्यासाठी झालं असेल, पण ताईसाठी नाही झालं," मास्तर म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

दुकानात आल्यावर त्यांना ताईचा नवा डगला खुंटीला दिसला. स्वतःच शिवलेला. त्याची डावी बाजू ते नेहमी पाऊण बोट लांब कापायचे, कारण ताईच्या डाव्या कमरेवर घेर वर चढायचा. म्हणजे ताईचा कपडा त्यांनी कधी दुमडून कापलाच नव्हता. कुठल्याच वयस्क गिऱ्हाइकाचा कापत नसत. दोन्ही बाजूंनी सारखा माणूस अजून दुकानात आला नव्हता. जे कात्री हातात असताना झोपेतही कळायचं, ते ठिपके हाती आल्यावर विसरलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

म्हणजे आठही चित्रं वेगवेगळी काढायची. त्यासाठी ताई नेमकी चालते कशी ते बघायचं. आता चाळीस वर्षं ज्याच्याकडे बघतोय ते बघायला काय कष्ट? पण ताई अशी चतुर, की मास्तर बघायला लागले रे लागले, की ती पोलिसांच्या कवायतीत असल्यासारखी ताठ चालायची.

"काय बघतोस? पाठीला काही चिकटलंय का माझ्या?"

"नाही गं."

"मग कापडाकडे बघ. बोट कापशील."

शेवटी मास्तरांनी खुणा करायच्या खडूचे उरलेले तुकडे खलबत्त्यात कुटले आणि सोमवारी सकाळी ताई यायच्या आधी त्या अकरा पावलांच्या वाटेवर भुकटी अगदी पातळ पसरली. ताई आली, कपड्यांचा गठ्ठा उचलून इस्त्रीकडे गेली. मास्तर तिची पाठ वळायची वाट बघत होते. ती आत चहा ठेवायला गेली तसे ते मापाची टेप घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पावलं मोजायला लागले. उजवं पाऊल लांब. डावं दोन बोटं आखूड आणि किंचित बाहेर वळलेलं. डाव्यावर भारही जास्त, तिथली खडूची भुकटी पार पुसली गेलेली. हे सगळं ते पेनानं हातावर लिहीत असताना मागून आवाज आला.

"बाळ्या, फरशीचं माप घेतोस? तिला काय झगा शिवायचाय?"

मास्तर उठले. गुडघे पांढरे, नाक पांढरं. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे सुचलं ते म्हणाले, "फरशी कलली आहे का ते बघत होतो."

"फरशी नाही कलली, तुझं डोकं कललंय. पूस ते आधी."

त्यांनी पुसलं. पण हातावरची मापं राहिली. त्या आठवड्यात त्यांनी आठ ताया नव्यानं काढल्या. उजव्या पावलाला एक ठिपका जास्त दिला, डाव्याला एक कमी. डावं पाऊल पडताना कमर एक ठिपका बाहेर काढली. एका ठिपक्यानं काय होणार असं तुम्हाला वाटेल. माणूसच जिथे सव्वीस ठिपके उंच, तिथे एक ठिपका म्हणजे बराच मोठा ऐवज. सहाव्या चित्रात त्यांना खूप वेळ काहीतरी खुपत होतं. मग त्यांनी डावा हात अर्धा ठिपका, म्हणजे फिक्या रंगाचा एक ठिपका, कमरेशी आणून ठेवला. खेळ चालू केला. पडद्यावरून ताई चालत गेली. मास्तरांनी दचकून स्वतःच्या हातातली पेन्सिल नीट धरली, काम टाकून बसल्याबद्दल ती आता बोलणार असं त्यांना वाटलं.

शेवटचा रविवार आला. खोलीत पाच संगणक, पाच खेळ आणि तीसएक माणसं. ताई चांगला कोट घालून आली होती आणि दर दोन मिनिटांनी "झालं का तुझं?" विचारत होती. मास्तरांनी चाळीस वर्षांत इतकी गिऱ्हाइकं ट्रायलच्या आरशासमोर उभी केली, पण अशी धाकधूक कधी झाली नव्हती. त्यांनी ताईला खुर्चीवर बसवलं.

"हे बाणाचं बटण. दाबलं की ती चालते. वाटेत गुंड्या सांडल्यात, त्या गोळा करायच्या. शेवटी दार आहे, तिथे पोचलं की जिंकलं."

"गुंड्या सांडल्याच कशाला?" ताई म्हणाली. "नीट ठेवता येत नाहीत का हिला?"

तिनं बोट टेकवलं. पडद्यावरची एवढीशी बाई चालायला लागली. ताईनं बोट उचललं, बाई थांबली. पुन्हा टेकवलं, बाई चालली. मास्तर खुर्चीमागे उभे होते. ताईचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, नुसता मानेवरचा अंबाडा दिसत होता. आता म्हणेल. आता म्हणेल. ताईनं दुसरा बाण दाबून त्या बाईला मागे नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून चालवलं. एकाही गुंडीकडे लक्ष दिलं नाही.

"ताई, गुंड्या घे ना," मास्तर म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून म्हणाले, "कशी झालीय?"

"कोण आहे ही?" ताईनं विचारलं. आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

मास्तर घाबरले. म्हणजे ओळखूच आली नाही. सगळं मुसळ केरात. "अगं, तू आहेस. तुझीच काढलीय. तो खडू त्याच्यासाठीच..."

"मी नाही ही," ताई म्हणाली. "ही आई आहे."

आईचा एकच फोटो घरात होता आणि त्यात ती खुर्चीत बसलेली होती.

"अशीच चालायची," ताई पडद्यावरून नजर न काढता सांगत होती. "उजवा पाय लांब टाकायची, डावीकडे कमर काढून. आणि डावा हात बघ, तिथेच असायचा. तू असायचास ना तिथे, कडेवर. खाली म्हणून उतरायचा नाहीस. काळे केस, असाच अंबाडा. बाळ्या, तुला कसं कळलं रे?"

"मला काय कळणार? मी तुझी पावलं मोजली."

ताईनं आपला डावा हात टेबलावरून उचलला आणि नकळत कमरेशी नेला. मग तिचं तिलाच हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. "ती गेल्यावर तू माझ्या कडेवर आलास," ती म्हणाली. "तेव्हापासून मी तशीच चालत असेन. आपली चाल आपल्याला कुठे दिसते?"

रांगेत मागे पोस्टमन उभे होते. बाई हळूच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचं झालं असेल तर ह्यांनाही खेळायचंय."

"थांबा हो जरा," ताई म्हणाली. "आमची आई चालतेय."

मास्तरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. "छान" वगैरे त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. ताईनं बाणावर बोट धरून ठेवलं होतं, आणि छप्पन्न वर्षांनी मास्तर पहिल्यांदाच आपल्या आईला चालताना बघत होते.